टिटवी, जवसाच्या तेलात

फ्रीझरमध्ये वाटाण्यांखाली ती सहा आठवडे होती
ब्रेडच्या पिशवीत गुंडाळलेली.
पिशवीवर वडिलांच्या तिरक्या अक्षरात तारीख, नऊ मे.
बाकी काही नाही.
आई असती तर ओरडली असती,
हिल्के, अन्नात मढं ठेवतोस?

नऊ मेला पहिली कापणी होती.
इथे फ्रिसलँडमध्ये गवत कापायचं यंत्र आता
अख्ख्या घराएवढं रुंद असतं,
आणि चालवणारा वर काचेच्या खोलीत
बातम्या ऐकत बसलेला असतो.
माणूस चालत आला तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून
त्याचं सगळं कुळ उद्धारते.
यंत्र आलं की बहुतेक उडून जातात.
ही उठली नाही.

लहानपणी वडील बांबूच्या काठीने चर ओलांडत
वसंतातलं पहिलं अंडं शोधायचे,
टोपीखाली ठेवून गरम गरम घरी आणायचे.
आता म्हातारपणी घरट्यांशेजारी खुणेच्या काठ्या रोवत फिरतात.
एखादी काठी वाऱ्याने पडली असेल.
ते तसं म्हणाले नाहीत,
मी विचारलं नाही.

वीस मिनिटं.
त्याहून जास्त बाहेर राहिली की पिसं ओली होऊन चिकटत.
ताटलीत ठेवली की पाय वर,
जणू आभाळ कोसळत होतं
आणि तिच्या वाट्याचं तिने पेललं.
वीस मिनिटं नुसतं बघायचं,
मग ती परत वाटाण्यांखाली
आणि मी कॅनव्हासपुढे, डोळ्यात उरलेलं घेऊन.

लांबून काळी दिसते ती.
जवळून पाठ बाटलीच्या काचेसारखी हिरवी,
तीवर डबक्यात सांडलेल्या डिझेलची जांभळी झाक,
शेपटीखाली गंजलेलं फाटक.
काळा रंग मी ट्यूबमधून घेतच नाही,
जळका अंबर आणि अल्ट्रामरीन एकत्र घोटते,
दोघांचं भांडण मिटायच्या आत ब्रश उचलते.

आधी अंबरचा पातळ हात, टर्पेंटाइनमध्ये.
जुन्या बनियनने पुसत पुसत उजेड काढायचा.
मग थरावर थर, प्रत्येक थरात तेल थोडं वाढवत.
उलट केलं तर वर्षभरात चित्र तडकतं,
वरचा थर घाईने सुकतो, खालचा अजून हलत असतो.
(आमच्या घरातही साधारण असंच झालं.)
तेल जवसाचं.
त्या निळ्या फुलांचं शेत पणजोबांच्या वेळी
याच जमिनीवर होतं म्हणतात.

पहिली टिटवी मी उडती काढली.
तुरा फारच छान जमला,
चीजच्या डब्यावर शोभली असती.
रात्री सुरीने खरवडून टाकली.

सकाळी पाहिलं तर कापडाच्या विणीत
एक करडा-हिरवा डाग शिल्लक,
कुणीतरी बसून उठल्यावर
दबलेलं राहतं ना गवत, तेवढा.
तो मी ठेवला.
त्याच्यावर फक्त तीन गोष्टी रंगवल्या,
पाठीवरची झाक, एक डोळा,
आणि अंगावरून जाणारी सावली, सरळ कडेची.

वडील लाकडी बूट दाराशी काढून मोज्यांवर आत आले.
बराच वेळ उभे.
नाक शिंकरलं.
मग म्हणाले, चार होती.
टोकं आत, अशी,
आणि दाखवताना त्यांचा अंगठा
खालच्या कोपऱ्यातल्या ओल्या गवतावर टेकला.
त्यांनी तो पँटला पुसला,
खिडकीकडे बघत.

झाकायला मी ऑलिव्ह-तपकिरी मिसळला होता.
पॅलेटवरच साय धरली त्याने.

तैलरंग सुकायला महिने लागतात.
दर शनिवारी ते दारातून डोकावतात,
एका हातात बादली.
वाळलं का, विचारतात,
गवताबद्दल विचारावं तशा आवाजात,
आणि आभाळाकडे बघून
उत्तराआधीच निघून जातात.